हेडफोन घ्यावा पारखून



सकाळी सहाच्या सुमारास खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी किंवा निघोजे यांपैकी कोणत्याही फाट्यावर घटकाभर उभे राहून पाहावे. कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या कानात काहीतरी खोचलेले दिसेल. कुणाच्या गळ्यात काळी पट्टी आणि तिला लोंबणारी दोन बोंडे, कुणाच्या कानात नुसतीच पांढरी बोंडे, तर एखाद्याच्या डोक्यावर चांगला जाडजूड हेडफोन. ही मुले परकी नव्हेत. ज्या शिवारात त्यांच्या आजोबांनी बाजरी, कांदा आणि बटाटा पिकवला, त्याच शिवारात आता मोटारींचे सुटे भाग तयार होतात आणि तिथेच ती कामाला जातात. पहिला पगार झाला की आईला साडी, वडिलांना चप्पल आणि स्वतःला हेडफोन, असा क्रम मी पुष्कळ घरांत पाहिला आहे.

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात हेडफोनचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. कारण साधे आहे. कांद्याचे बी आणायचे तर आपण चार दुकाने हिंडतो, शेजाऱ्याला विचारतो, मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. हेडफोन मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घेतला जातो. पैसे वाया गेले तर ते पुढच्या महिन्यात भरून निघतील, कान गेला तर तो कोणत्याही हंगामात परत यायचा नाही. आणि गंमत अशी की, पोरांना जो छातीत घुमणारा 'बास' हवा असतो, तो मिळवण्याचा खरा मार्ग आणि कान सांभाळण्याचा मार्ग हे दोन्ही एकच आहेत. ते कसे, ते सांगतो.

खर्जाची आवड घरचीच

बास म्हणजे आवाजातला खालचा भाग, आपल्या भाषेत खर्ज. आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. एका सेकंदात किती हेलकावे पडतात ते हर्ट्झ या मापाने सांगतात. माणसाच्या धडधाकट कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज कळतात. त्यातला अडीचशेच्या खालचा भाग तो खर्ज. भजनात टाळांची किणकिण वरच्या अंगाला, बुवांचा गळा मध्ये आणि पखवाजाची डाव्या हाताची थाप खाली.

'ही काय ढुमढुम लावलीय' म्हणून वडीलधारी माणसे पोरांवर खेकसतात. मला ते पटत नाही. ही आवड पोरांनी बाहेरून आणलेली नाही. ज्या मुलाचा कान जत्रेतल्या ढोल-लेझमीवर आणि संबळावर तयार झाला, त्याला किरकिऱ्या आवाजाचे समाधान होणार कसे? शिवाय हा सारा मुलूख इंद्रायणीच्या काठचा. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि आजही त्या गावात फिरताना कुठल्या ना कुठल्या खोलीतून पखवाजाचे बोल कानी पडतात. खर्जाचे शिक्षण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

पखवाजाकडेच जरा नीट पाहू, कारण पुढची सारी गोष्ट त्यातून समजेल. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या पुडीला, म्हणजे धाम्याला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. कणीक कमी पडली तर आवाज कोरडा आणि चढा निघतो. जास्त झाली तर तो बसतो, नुसता 'बद्द' होतो. वादक चिमूट लावतो, थाप मारतो, ऐकतो, पुन्हा चिमूटभर काढतो. घुमारा मनासारखा लागला की मगच गजर सुरू होतो. तो अधिक जोरात थाप मारून घुमारा आणायला जात नाही, हे ध्यानात ठेवावे. आपली पोरे नेमके तेच करतात. घुमारा येत नाही म्हणून आवाजाचे बटण वर वर नेतात.

पंपाचा वायसर आणि कानाची गादी

मांडवात ढुमढुम ऐकू यावी म्हणून एवढाले कर्णे आणि खोकी लागतात, मग बोटाच्या पेराएवढ्या बोंडातून खर्ज निघतो तरी कसा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. मांडवभर अशा लाटा उठवायच्या तर मोठा पडदा पुष्कळ हवा हलवणारा हवा. हेडफोनला मांडव भरायचा नसतो. त्याला फक्त आपल्या कानाच्या पडद्यापुढची चिमूटभर हवा दाबायची आणि सोडायची असते. कान झाकणाऱ्या हेडफोनमधला पडदा सुमारे चाळीस मिलिमीटरचा असतो, कानात खोचायच्या बोंडातला शर्टाच्या गुंडीएवढा. बंद जागेत एवढा पुरतो.

पण जागा बंद हवी. पाठीवरच्या फवारणी पंपाचा अनुभव प्रत्येकाला आहे. आतला वॉशर, ज्याला आपण वायसर म्हणतो, तो झिजला की दांडा कितीही मारा, दाब धरत नाही. हवा फटीतून निघून जाते आणि नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. हेडफोनचे तंतोतंत असेच आहे. खर्ज म्हणजे सावकाश दिलेला दाब. कानाची गादी किंवा रबरी बोळा नीट बसला नाही, बारीक फट राहिली, की हा सावकाश दाब फटीतून निसटतो. वरचे आवाज चपळ असतात, ते तसेही कानात शिरतात. म्हणून फट असलेल्या हेडफोनमध्ये टाळ ऐकू येतो आणि पखवाज हरवतो.

खेड तालुक्यातल्या एका गावात कांदाचाळ पाहायला गेलो असता तिथल्या मुलाने मला असाच एक हेडफोन दाखवला. साप्ताहिक सुट्टीला घरी आलेला होता. म्हणाला, "साहेब, पैसे बुडाले बघा. मित्राच्या कानात भारी वाजतोय, माझ्या कानात नुसता चिरचिरतोय. आता अडीच हजाराचा घेतो." त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. मी म्हटले, "आबा, तुम्हीच ऐका की." त्यांनी एक बोंड कानात धरले, फोनवर अभंग चालू होता, क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "आरं, धाम्याला कणीकच लागली न्हाई." मग बोटाने बोंड कानात जरा दाबून धरले. "आता लागली बघ."

खोके आणायला लावले. त्यात कंपनीने दिलेले रबरी बोळ्यांचे आणखी दोन जोड होते, लहान आणि मोठा. पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती. मुलाच्या उजव्या कानाला मोठा बोळा बसला, डाव्याला मधला. पुष्कळांचे दोन्ही कान सारख्या मापाचे नसतात. अडीच हजारांची खरेदी तिथेच थांबली. आबांची परीक्षा मला कोणत्याही पुस्तकातल्या परीक्षेपेक्षा सोपी वाटली, म्हणून तीच पुढे सांगतो.

दुकानात उभे राहून

पिंपरी कॅम्पात, चाकणच्या बाजारात किंवा राजगुरुनगरला, जिथे हाताळून पाहू देतील तिथूनच हेडफोन घ्यावा. फोनवर मागवायचाच असेल तर परत करण्याची सोय किती दिवस आहे ते आधी वाचावे. मात्र कानात खोचायच्या बोंडांची खोली उघडल्यावर काही विक्रेते ती परत घेत नाहीत, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

जाताना आपल्या फोनमध्ये आपल्या पाठ असलेले एखादे भजन घेऊन जावे, ज्यात पखवाज, टाळ आणि गळा तिन्ही आहेत. दुकानदार लावून देईल ते गाणे ऐकू नये. ते त्याचे नेहमीचे निवडक बियाणे असते. आपले भजन मध्यम आवाजात लावावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गादीवर किंवा बोंडावर बोटाने हलके दाबावे. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर समजावे की एरवी फट राहते आहे. बोळा बदलून पाहावा, आणि तरीही तसेच होत असेल तर तो नग आपल्या कानाचा नव्हे, मग तो कितीही महागाचा असो. दुसरी, जबडा हलवावा, मान फिरवावी. भाकरी खाताना हलतो तेवढ्या जबड्याने बोंड निसटत असेल तर बसच्या हादऱ्यांत ते टिकणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पखवाजाच्या थापा वेगवेगळ्या मोजता येतात का ते ऐकावे. द्रुत लयीत डाव्या हाताच्या थापा एकमेकींत मिसळून पिठाच्या गिरणीसारखी एकच घरघर होत असेल, किंवा बुवांचे शब्द त्याखाली बुडत असतील, तर तो बास नव्हे, तो गोंगाट.

युरिया जास्त टाकलेला गहू आठ दिवस हिरवागार दिसतो. शेजारी बांधावरून कौतुक करून जातो. पुढे वारा सुटला की तोच गहू आधी लोळतो. खर्ज उगाच फुगवलेले हेडफोन तसेच असतात. दुकानातल्या दोन मिनिटांत ते छाप पाडतात, घरी तासभर ऐकले की डोके जड होते. फोनमध्ये आवाजाचे पट्टे खालीवर करण्याची सोय असते, तिला इक्वलायझर म्हणतात. त्यातही खर्जाचा पट्टा टोकाला नेण्याऐवजी बाकीचे थोडे खाली आणावेत. लहान पडद्यावर भार येत नाही आणि घुमारा स्वच्छ राहतो.

प्रकार निवडताना घरात कोण वापरणार हे पाहावे. कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन खर्जाला उत्तम, पण उन्हाळ्यात कानाला घाम येतो, आणि चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट पडते. आपल्या घरातल्या बायकांच्या कानांत कुडी, वेल, झुबे असतात. कानावर दाबून बसणाऱ्या गादीने ते टोचतात, हे हेडफोन बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्यांच्यासाठी रबरी बोळ्याचे बोंड बरे. गळ्यात पट्टी असलेले नेकबँड कामकरी माणसाला सोयीचे, कारण एक बोंड निसटले तरी चिखलात हरवत नाही. बिनबोळ्याची, कानाच्या तोंडाशी नुसती टेकणारी बोंडेही मिळतात. त्यांच्याकडून घुमाऱ्याची अपेक्षा करू नये, फट त्यांत मुळातच आहे. पण गोठ्यात काम करताना कीर्तन ऐकायचे आणि गाईचे हंबरणेही ऐकू यायला हवे, अशा वेळी तीच योग्य. रबराऐवजी मऊ स्पंजाचे बोळे मिळतात. ते कानाच्या आकाराप्रमाणे फुगून फट चांगली बुजवतात, मात्र लवकर खराब होतात. कणीक पखवाजालाच लावावी, कानाला नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

खोक्यावरच्या मजकुराविषयी थोडे सांगतो. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे छापलेले असते तेव्हा त्यात नत्र दहा टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी सव्वीस टक्के असलेच पाहिजे. नमुना काढून तपासता येतो, कमी निघाले तर कायदा आहे. हेडफोनच्या खोक्यावरचे 'एक्स्ट्रा बास', 'सुपर बास' हे शब्द तसे नाहीत. त्यांचे ठरलेले माप नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' हा आकडा तर स्वस्त-महाग जवळजवळ सगळ्यांवर असतो. त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो ते त्यात सांगितलेले नसते, म्हणून निवडीला त्याचा उपयोग शून्य. पडदा मोठा म्हणजे बास जास्त, हेही खरे नाही. चांगला बसलेला दहा मिलिमीटरचा पडदा सैल बसलेल्या चाळिसाला मागे टाकतो. खोक्यावर पाहायचेच असेल तर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे. बिनतारी हेडफोनांना ही नोंदणी सक्तीची केलेली आहे आणि चिन्हाखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. आत बॅटरी असते, ती डोक्याजवळ राहणार, तेव्हा रस्त्यावरच्या बेनामी मालाला हात लावू नये. पक्की पावती घ्यावी. कोणत्या कंपनीचा घ्यावा असे मला पुष्कळजण विचारतात. बियाण्याच्या बाबतीतही मी कंपनी सांगत नाही, वाण आणि जमीन जुळते का ते पाहा म्हणतो. इथे कान ही जमीन. हजार-पंधराशेच्या आतबाहेर समाधानकारक घुमारा देणारे नग मिळतात, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

जाता जाता एक माहिती. आजच्या हेडफोनचा एक आद्य पुरुष अमेरिकेच्या यूटा प्रांतातला नॅथॅनियल बाल्डविन. १९१० साली त्याने आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन जुळवले आणि अमेरिकेच्या नौदलाला विकले. स्वयंपाकघर आणि कान यांचे नाते कणकेपुरते नाही तर!

शिफ्टवरून आलेला कान

आता मूळ काळजीच्या मुद्द्याकडे येतो. पोरे आवाज वाढवतात ती केवळ मस्ती म्हणून नव्हे. त्याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजून घेतली तर रागावण्याची वेळ येणार नाही.

पहिले कारण कानाच्या घडणीतच आहे. आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज बाकीच्या आवाजांपेक्षा फार कमी जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. म्हणजे आवाज वाढवला की खर्ज भरल्यासारखा वाटतो हे खरे आहे. पण त्याबरोबर टाळ, झांज आणि गळाही वाढतो, आणि कानाला आधी इजा होते ती वरच्या आवाजांच्या जागी. दुकानदार दोन नग दाखवताना महागडा जरा मोठ्याने लावतो, त्याचेही कारण हेच. मोठ्याने लावलेला नेहमीच सरस वाटतो. दोन्ही सारख्याच आवाजात लावायला सांगावे.

दुसरे कारण बसचे. इंजिनाची घरघर, चाकांचा आवाज हा स्वतःच खर्जातला असतो. तो गाण्यातल्या खर्जाला झाकून टाकतो. मग चाकण ते भोसरी या तासाभराच्या वाटेत पोरगा आवाज चढवत जातो. इथे पुन्हा नीट बसणारा बोळाच उपयोगी पडतो. तो आतला खर्ज बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही. आवाज निम्म्यावर आणला तरी घुमारा पुरतो. बाहेरचा आवाज विजेच्या करामतीने मारणारे हेडफोनही आता मिळतात. बाहेरच्या लाटेवर उलटी लाट सोडायची की दोन्ही एकमेकींना जिरवतात, अशी ती युक्ती, आणि ती चालते मुख्यतः खर्जाच्या घरघरीवरच. डॉ. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले. रोज दोन-दोन तास बसमध्ये काढणाऱ्या मुलाने बास फुगवणाऱ्या नगापेक्षा ही सोय असलेल्या नगावर चार पैसे जास्त घातले तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. गोंगाट झाला की त्या वाकतात. बांधावरच्या गवतावरून एकदा माणूस गेला तर गवत दुपारपर्यंत पुन्हा उभे राहते, रोज जायला लागला की पायवाट पडते आणि तिथे पुन्हा काडी उगवत नाही. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. प्रेसच्या विभागात पत्रा ठोकण्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. तिथे आठ तास काढून आलेल्या मुलाचा कान काही तास बधिर असतो. त्याला स्वतःला ते जाणवत नाही. घरी येताना तो नेहमीच्याच आवाजात गाणे लावतो, हळू वाटते, वाढवतो. वाकलेल्या गवतावरून पुन्हा बैल घालण्याचा हा प्रकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक हिशेब दिला आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो. ९० डेसिबलला चारच तास. १०० डेसिबलला सबंध आठवड्यात वीस मिनिटे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणून आकडा थोडा वाढलेला दिसला तरी तो थोडा नसतो. डेसिबल मोजायला घरी यंत्र नसते, तेव्हा फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये हा सोपा नियम धरावा. काही फोनमध्ये आठवडाभरात कान किती आवाजात राहिले याचा तक्ता दिसतो, आवाजाला कमाल मर्यादाही घालता येते. मुलाला बसवून ती घालून घ्यावी. हाताच्या अंतरावर उभे राहून साध्या आवाजात हाक मारावी. ती कळली नाही तर आवाज जास्त आहे, ही परीक्षा आईला चुलीपाशी उभ्या उभ्या घेता येते. फक्त बाहेरचा आवाज मारणारे नग याला अपवाद, त्यांत हळू लावलेले असले तरी हाक जात नाही.

शिफ्ट संपल्यावर येतानाचा प्रवास कानांना रिकामा द्यावा आणि ऐकायचे ते जाताना ऐकावे, असे मी मुलांना सांगतो. काहीजण ऐकतातही. कारखान्यात कंपनी कानाला लावायला बोळे देते, त्यांच्या जागी गाण्याची बोंडे घालणे सर्वथा चूक आहे. यंत्राच्या आवाजावर गाण्याचा आवाज चढवावा लागतो आणि धोक्याचा भोंगा ऐकू येत नाही तो वेगळाच. कानात सतत घंटी वाजणे, गर्दीत समोरचा बोलतो ते कळते पण शब्द लागत नाहीत, दूरदर्शन संच मोठ्याने लावावा लागतो, यांपैकी काही आढळले तर कानाचा तपास करून घ्यावा. पिंपरीला संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत घातले गेले होते. तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांना सांगायला मुलाने लाजू नये.

रस्ता, रान आणि निगा

पुणे-नाशिक रस्त्यावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ किती असते ते आपण जाणता. दुचाकीवर बसताना हेडफोन खिशात, यात घासाघीस नको. घट्ट बसणारे बोंड मागच्या गाडीचा हॉर्नही अडवते. जो गुण बसमध्ये उपकारक, तोच दुचाकीवर घातक. रानातही तसेच. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा यांच्याजवळ तारेचा हेडफोन गळ्यात असणे म्हणजे उपरणे लोंबकळत ठेवून यंत्राशी उभे राहणे. रात्री पाणी द्यायला जाताना कान मोकळे असावेत. मोटारीचा बदललेला आवाज, पाइप फुटल्याचा फुसकारा आणि पायाजवळची सळसळ ही तिन्ही आधी कानालाच कळतात.

धुळीने आणि कानातल्या मळाने बोंडाची जाळी बुजते, मग एका बाजूचा आवाज बसतो आणि आपण नग बिघडला म्हणून टाकून देतो. आठवड्यातून एकदा बोळे काढून साबणाच्या पाण्यात धुवावेत, पूर्ण वाळवून मगच चढवावेत. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झटकावी. रॉकेल, पेट्रोल किंवा सुई जाळीजवळ नेऊ नये. कानातला मळही काडीने, पिनेने कोरू नये, त्याने तो आत ढकलला जातो आणि चांगल्यातला चांगला हेडफोनही मुका वाटतो. एकमेकांची बोंडे वापरू नयेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशी धरण्याचे प्रकार याच दिवसांत जास्त. ओल्या कानात बोंड घालू नये. चार्जिंग उन्हात किंवा गादीवर ठेवून करू नये. मोठ्या हेडफोनच्या गादीचे वेष्टण घामाने तडकले की तीच ती फट पडते. वेगळी गादी मिळत असेल तर तेवढीच बदलावी. आणि खोक्यात आलेले जादा बोळे फेकून न देता एखाद्या डबीत घालून देवळीत ठेवावेत. ते हरवले तर मोबाइलच्या दुकानात सुटे मिळतात, फक्त जुना बोळा माप दाखवायला सोबत न्यावा.